पगार सोडावा की नोकरी?

नाशिकच्या ओझर विमानतळावरून जून २०१८ मध्ये जेट एअरवेजची दिल्ली सेवा सुरू झाली. ऑगस्टमध्येच कंपनीने वैमानिकांकडे पगारकपात मागितली. त्यांनी ती नाकारली. हा नकार रास्तच होता. कपातीनंतर नोकरी टिकेल, याची हमी कोण देणार होते? कपात टळली, पण पगार रखडले. २०१९ उजाडल्यावर तर ते महिनोन्महिने थकले आणि घराचे हप्ते, मुलांच्या फिया अडल्या. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे जेटचे शेवटचे विमान उडाले. पगार की नोकरी, हाच पेच पुढे दुसऱ्या कंपनीतही दिसला: कोविडकाळात, २०२० मध्ये, एअर इंडियाने कर्मचाऱ्यांसाठी सहा महिने ते पाच वर्षे बिनपगारी रजेची योजना आणली. इकडे बंद पडलेल्या जेटच्या अवसायनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.