लाकूड, रोगण आणि नाद

व्हायोलिनचा सूर तारेतून निघतो असे आपण म्हणतो. परंतु हे अर्धेच सत्य होय. नुसती ताणलेली तार छेडली, तर तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो, कारण बारीक तार हवेला फारशी हलवू शकत नाही. तिची कंपने घोडीमार्फत वाद्याच्या रुंद फळीत उतरतात, आणि ती फळी कंप पावू लागली म्हणजे नाद सभागृहभर पसरतो. मिरजेच्या तंबोऱ्यात हेच कार्य तुणीच्या लाकडाची तबली व वाळलेला भोपळा करतात.

व्हायोलिनच्या दर्शनी फळीस स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड लागते. ते वजनाला हलके, पण तंतूंच्या दिशेने अतिशय ताठ असते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो; या लाकडात तंतूंच्या दिशेने तो सुमारे ५,००० मीटर धावतो. पाठीस मात्र मॅपलचे अधिक जड व कठीण लाकूड वापरतात.

मग रोगणाचे काय? इटलीतील क्रेमोना येथील विख्यात कारागीर स्ट्रॅडिव्हेरी (मृत्यू १७३७) याच्या वाद्यांचे रहस्य रोगणातच आहे, अशी दीर्घकाळ समजूत होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या ५ वाद्यांवरील रोगण तपासले गेले. आढळले ते सुकणारे तेल, पाइनची राळ व काही रंगद्रव्ये! त्या काळच्या चित्रकारांनाही हे पदार्थ परिचित होते. पुढे २०१० मध्ये २१ वादकांना काळे चष्मे लावून जुनी व नवी व्हायोलिने वाजवावयास दिली, तेव्हा बहुतेकांना त्यांतील भेद सांगता आला नाही.

रोगणाचे खरे काम रक्षणाचे. घाम व दमटपणा यांपासून ते लाकडास जपते; मात्र जाड थर चढला की फळी जड होते, तिची कंपने लवकर विरतात आणि सूर मंदावतो. ध्वनिक्षेपकाच्या पेटीचा न्याय याच्या उलट आहे. तेथे बोलावयाचे ते पडद्याने. पेटीने मौन पाळावे, म्हणून ती जाड व भक्कम करतात.

गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन शिकविले गेले. त्यामुळे कित्येक घरांत जुनी वाद्ये आहेत. विद्यार्थी मित्रहो, असे वाद्य चकचकीत दिसावे म्हणून त्यावर खुर्च्या-टेबलांचे पॉलिश कदापि चढवू नका. पावसाळ्यात ते ओलसर भिंतीपासून दूर, पेटीत ठेवा व वाजवून झाल्यावर मऊ कापडाने पुसा. डोळ्यांना सुखविणारी झळाळी कानांना पारखी होऊ शकते, हे ध्यानी असू द्या.