जुन्या फिएटच्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल का गळतं? स्क्रू आवळण्याआधी हे वाचा!

कोकणात आजही एखाद्या घराच्या पडवीलगत, ताडपत्रीखाली, जुनी फिएट उभी दिसते. मुंबईहून गावी आलेले चाकरमानी गणपतीत किंवा मे महिन्यात ती बाहेर काढतात. बॅटरी लावली, गाडी सुरू झाली की सगळे खूश. पण थोड्या वेळात बॉनेटमधून पेट्रोलचा वास येऊ लागतो, कार्ब्युरेटर ओला दिसतो आणि कुणीतरी म्हणतं, "जरा स्क्रू आवळ, थांबेल."

बहुतेक वेळा ते थांबत नाही. उलट वाढतं. असं का होतं, ते समजून घेऊया.

आधी या गाडीची थोडी ओळख

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात ही गाडी तयार होत असे. आधी फिएट ११००, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत पोहोचली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे पहिल्या पद्मिनीही आता त्या वयाच्या झाल्या आहेत.

कार्ब्युरेटर म्हणजे संडासच्या फ्लशची टाकी!

हसू नका, तत्त्व तेच आहे. फ्लशच्या टाकीत पाणी भरलं की फ्लोट वर येतो आणि नळ बंद करतो. कार्ब्युरेटरमध्येही पेट्रोल साठवणारी छोटी वाटी असते, तिला फ्लोट चेंबर म्हणतात. त्यात पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की फ्लोट वर उचलला जातो आणि एक बारीक सुई, म्हणजे नीडल व्हॉल्व्ह, पेट्रोलची वाट बंद करते.

ही सुई नीट बसली नाही तर पंप पेट्रोल ढकलतच राहतो. वाटी भरून वाहते आणि पेट्रोल झाकणाच्या फटीतून बाहेर येतं. आपल्याला वाटतं झाकण सैल आहे, पण खरा दोष आत असतो. म्हणून आवळून उपयोग होत नाही. शिवाय कार्ब्युरेटर नरम मिश्रधातूचा असतो. जास्त आवळलं की झाकण वाकतं, आटे जातात आणि आधी नसलेली गळती सुरू होते.

पावससारख्या गावात हा त्रास जास्त का?

रत्नागिरीजवळचं पावस स्वामी स्वरूपानंदांमुळे सर्वांना माहीत आहे. समुद्र जवळ, पावसाळ्यात हवा ओलीचिंब. अशा ठिकाणी महिनोन्‌महिने उभ्या गाडीत तीन गोष्टी घडतात.

- वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि सुई अडकते.
- पेट्रोल नसल्यामुळे गॅस्केट सुकून आकसतं.
- पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं बाष्प शोषतं. पाणी वाढलं की ते तळाशी वेगळं होतं आणि धातूवर पांढरी भुकटी धरते.

तिसरं कारण आता जास्त महत्त्वाचं आहे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येऊ लागलं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि डायफ्रॅम त्यासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून गाडी ढकलत मोकळ्या खळ्यात आणा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जवळ न्हाणीघराची चूल पेटलेली नसावी, विडी-सिगारेट तर नकोच. हाताशी पावडरचा अग्निशामक ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नका, आग पसरते. पेट्रोल थेंब थेंब गळत असेल तर "एक चक्कर मारून बघू" हा विचार सोडा.

गळती नेमकी कुठून?

कार्ब्युरेटर पुसून कोरडा करा. पेट्रोल पंपाला हातानं चालवायची कळ असेल तर ती हळूहळू दाबा आणि पहिला थेंब कुठे येतो ते बघा.

- पाइपच्या जोडावर: पाइप किंवा क्लिप बदला. नवा पाइप इथेनॉल सोसणारा असावा, पाण्याचा किंवा हवेचा पाइप चालत नाही.
- झाकणाच्या कडेने किंवा आत घशात: सुई किंवा फ्लोटचा दोष.
- अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर बाजूने: अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम फाटलेला.
- खालच्या बोल्टपाशी: त्याचा वॉशर गेलेला.

दुरुस्ती

झाकण उघडून फ्लोट काढा आणि कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका आहे. जड झाल्यामुळे तो वर येत नाही. असा फ्लोट बदलणंच बरं. आत पेट्रोल असताना डाग द्यायला गेलात तर तो फुटू शकतो.

सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर सुई आणि तिची बैठक जोडीनेच बदला. अनेक पद्मिनींत असलेल्या सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये या बैठकीखाली एक वॉशर असतो. पेट्रोलची पातळी त्याच्या जाडीवर ठरते. तो पातळ बसवला किंवा विसरला तर पातळी वाढते आणि नव्या सुईनेही गळती राहते. त्यामुळे जुना वॉशर मापासाठी जपून ठेवा.

झाकण काचेवर ठेवून सपाट आहे का बघा. नवं गॅस्केट घाला आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. एम-सील किंवा साबण चोळण्याचा जुगाड टाकीच्या बारीक भोकावर घरी पोहोचेपर्यंत चालेल. कार्ब्युरेटरवर नको.

पुन्हा मुंबईला जाताना गाडी उभी करून ठेवणार असाल तर वाटीतलं पेट्रोल काढून टाका. पुढच्या वेळी पहिल्यांदा पेट्रोल भराल तेव्हा दहा मिनिटं बॉनेट उघडं ठेवून नजर ठेवा. जोड कोरडे राहिले, तरच किल्ली फिरवा.