दांडा निघण्याआधी

उस्मानपुऱ्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत घायपाताची रांग आहे. ती कुणी लावली ते कुणालाच आठवत नाही आणि पाणी तर तिला कधी मिळालेलंच नाही. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्यातल्या एकाने दांडा काढला आणि बघता बघता तो पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत आला. लोक फोटो काढू लागले. पैठण रस्त्याकडच्या एका गावातून पानं न्यायला येणाऱ्या मामांनी मात्र त्या झाडाला हात लावला नाही. ते म्हणाले, "ते आता कामातून गेलं. बाकीची द्या."

मामा वाख, म्हणजे घायपाताच्या पानांतला धागा, काढतात. त्यांच्या गावात या झाडाला केकताड म्हणतात. कोयत्याने ते खालची, आडवी झालेली पानंच तेवढी कापतात. मधला उभा सुळका तसाच ठेवतात, कारण नवी पानं तिथूनच उलगडतात. पानाच्या टोकाचा काळा काटा आधी उडवायचा. रस अंगावर उडाला की खाज सुटते. रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत रुततात. मामांनी हाताला तेल चोळलं होतं, तरी कोपरापर्यंत लाली आलीच.

पानं ठेचून पाण्यात कुजत घालायची. मग दगडावर आपटून धुवायची. पाण्याला साबणासारखा फेस येतो आणि गराचा वास नाकात बसतो. गर निघून गेला की हातात उरतात पांढुरक्या, पानाएवढ्या लांब धाग्यांच्या जुड्या. 100 किलो पानांमागे वाख निघतो जेमतेम 4 किलो. बाकी सगळं पाणी आणि चोथा. एवढं पाणी या कोरड्या भिंतीजवळच्या झाडाने आणलं कुठून, हा खरा प्रश्न.

हे झाड मूळचं मेक्सिकोचं आणि ते दिवसा तोंड उघडत नाही. पानांवरची छिद्रं रात्री, हवा गार झाल्यावर उघडतात. तेव्हा आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा छिद्रं मिटलेली असताना त्याची साखर होते. याचा एक सुरुवातीचा सुगावा भारतात लागला. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या पानफुटीची पानं चावून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारी बेचव. 1815 साली ते छापूनही आलं. आपल्याकडे पानफुटी घरोघरी कुंडीत असते, पण पहाटे उठून चाखायचं कुणाला सुचतं?

घायपात साखर अशी वर्षानुवर्षं बुंध्यात साठवतं आणि एका हंगामात सगळी दांड्यात ओततं. घायपाताच्या सिसल जातीचं झाड साधारण 7 ते 12 वर्षांत, आबाळ झाली तर आणखी उशिरा, एकदाच फुलतं आणि मरतं. दांडा चढू लागला की पानं सुरकुततात. मामांचा हिशेब चोख होता. मेक्सिकोत टकीलासाठी लावलेल्या घायपातावरही कोवळा दांडा छाटतात, नाहीतर बुंध्यातली साखर फुलं पळवतात.

सिसल फुलतं, पण बी क्वचितच धरतं. फुलं गळून पडतात आणि दांड्यावर इवली रोपंच लगडतात, कधी हजारावर. खाली पडली की ती मुळं धरतात. म्हणजे झाड मरतं, पण त्याचाच तुकडा पुन्हा उभा राहतो. आमची रांग कदाचित एकाच झाडाची असेल. याला दीर्घायुषी म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

वाख वाळला की मामा दोर वळतात. प्रत्येक पदराला एका बाजूने पीळ आणि तीन पदर एकत्र वळताना उलट्या बाजूने. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणून दोर उलगडत नाही. पूर्वी पोळ्याआधी कासरे, दावी यांना मागणी असे. आता बैल कमी आणि नायलॉन स्वस्त.

मामांनी दांड्याखाली पडलेली रोपं पिशवीत भरली. पहिल्या पावसात ती बांधावर लावणार आहेत. पहिलं पान कापायला तीनेक वर्षं जातील. तोवर वाखाला गिऱ्हाईक राहील का, असं विचारलं तर म्हणाले, "नाही राह्यलं तर कुंपण होईल."