अंगणातील पळस

दरवर्षी पावसाळ्यात आपल्याकडे मोठ्या उत्साहाने वृक्षारोपण होते. परंतु एप्रिल उजाडला, विहिरीने तळ गाठला की त्यांतील अनेक रोपे वाळून जातात. पाणी माणसांनाच पुरत नसताना झाडांना कोठून घालावे? अशा आवारासाठी आणि घराच्या अंगणासाठी योग्य असा आपल्या मातीतला वृक्ष म्हणजे पळस.

माळरान, मुरमाड जमीन, काळी किंवा खारवट माती, पळस सर्वत्र तग धरतो. फाल्गुनात पाने झडून गेल्यावर तो केशरी फुलांनी पेटल्यासारखा दिसतो. त्या फुलांतील मधासाठी मैना, बुलबुल, शिंजीर असे पक्षी येतात. फुलांपासून रंग होतो आणि पानांच्या पत्रावळी होतात.

पळसाचे सोटमूळ खोल जाते. म्हणूनच तो दुष्काळ सोसतो आणि म्हणूनच मोठे रोप उपटून दुसरीकडे लावलेले सहसा जगत नाही. त्यामुळे बी कायमच्या जागीच पेरावे. चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असते. मे-जूनमध्ये पक्व शेंगा गोळा कराव्यात, कारण जुने बी नीट उगवत नाही. भरपूर ऊन मिळेल अशी, भिंतीपासून पंधरा-वीस फूट दूरची जागा निवडावी. दीड फूट खोल खड्डा माती व शेणखताने भरून, पहिला चांगला पाऊस झाल्यावर दोन-तीन बिया बोटाच्या एका पेराइतक्या खोल पेराव्यात. पुढे जोमदार रोप तेवढे ठेवावे. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांतून एकदा, पण मुरेल असे पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती पालापाचोळा पसरावा. पुढे वेगळ्या पाण्याची फारशी गरज उरत नाही.

मात्र येथेच धीराची कसोटी लागते. सुरुवातीच्या काही वर्षांत उन्हाळ्यात रोपाचा शेंडा अनेकदा वाळतो. रोप मेले असे समजून ते उपटून टाकले जाते. प्रत्यक्षात जमिनीखाली मूळ जाड होत असते आणि पावसाबरोबर नवा कोंब फुटतो. म्हणून रोपाभोवती दगडांचे आळे करून खूण ठेवावी व निदान एक पावसाळा वाट पाहावी. वाढ संथ असते. फुले येण्यास बरीच वर्षे लागतात.

पाली साहित्यातील किंसुक म्हणजे हाच पळस. जातककथेत वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाचे चार पुत्र तो वेगवेगळ्या काळी पाहतात. एकाला तो जळक्या खुंटासारखा वाटतो, दुसऱ्याला वडासारखा, तिसऱ्याला मांसाच्या गोळ्यासारखा, तर चौथ्याला शिरीषासारखा. वाद राजापर्यंत जातो. राजा सांगतो, तुम्ही सर्वांनी किंसुकच पाहिला; पण तो कोणत्या वेळी कसा दिसतो, हे सारथ्याला विचारले नाही.

वसतिगृहात प्रथम आलेल्या मुलाकडे पाहतानाही हे स्मरणात असावे. एका परीक्षेवरून, एका वर्षावरून त्याच्याविषयी निर्णय करणे म्हणजे वाळलेला शेंडा पाहून रोप उपटणे होय. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी येत्या पावसाळ्यात आपल्या अंगणात पळसाचे एक बी अवश्य पेरावे आणि ते वाढेपर्यंत त्याची राखण करावी.