मेडल आधी उलटं करा! तिरंदाजीच्या जुन्या पदकांची गोष्ट

आजचा विषय जरा हटके आहे: तिरंदाजीची जुनी बक्षीस-पदकं आणि ती जमवण्याचा नाद.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये तिरंदाजीचे भरपूर क्लब होते. त्यांची चांदीची छोटी मेडल्स आजही ऑनलाइन लिलावात दिसतात. आपण फोनवर पुढचा फोटो बघतो, धनुष्यबाण, पानांची माळ, आणि म्हणतो, वा! पण खरी गोष्ट मागे कोरलेली असते.

हे कोरणं फार जुनं आहे. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात 1618 ते 1754 दरम्यान विद्यार्थ्यांची स्पर्धा व्हायची. बक्षीस होतं चांदीचा बाण. पण तो घरी न्यायचा नाही. जिंकणाऱ्यानेच स्वतःचं पदक घडवून त्याला अडकवायचं. म्हणजे जिंकलास ना, मग काढ पैसे! अशी 70 पदकं आजही विद्यापीठाकडे आहेत.

आता 1908. लंडन ऑलिंपिक. महिला तिरंदाजीत सगळ्या 25 जणी ब्रिटिश. सुवर्ण जिंकलं क्वीनी न्यूअल यांनी, वयाच्या 53व्या वर्षी! रौप्य मिळालं लॉटी डॉड यांना. या डॉडबाई म्हणजे पाच वेळा विम्बल्डन एकेरी जिंकलेल्या टेनिसपटू. भारी ना? पण मला यातली तिसरी बाई जास्त महत्त्वाची वाटते. ॲलिस ली. त्या ऑलिंपिकला उतरल्याच नाहीत. राष्ट्रीय अजिंक्यपद राखायचं म्हणून थांबल्या. आणि काही दिवसांतच त्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी न्यूअलना 151 गुणांनी हरवलं. एकूण 23 वेळा त्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या.

म्हणजे नुसती ऑलिंपिकची यादी वाचली, तर त्या काळातली सर्वात जबरदस्त तिरंदाज तुम्हाला सापडणारच नाही. ती सापडते राष्ट्रीय आणि क्लबच्या स्पर्धांच्या निकालांत, आणि अशा छोट्या मेडल्सवर. म्हणून मागचं नाव घासून गेलं, की चांदी उरते, माणूस जातो.

हे घासणं बहुतेक वेळा प्रेमानेच होतं. देवघरातली चांदी आपण रांगोळीने किंवा टूथपेस्टने लख्ख करतो ना, तसं इथे अजिबात करू नका. काळपटपणा राहू द्या.

खरं-खोटं कसं ओळखायचं? ब्रिटिश चांदीवर बारीक छाप असतात. चालणारा सिंह म्हणजे 92.5 टक्के चांदी, नांगर (जहाजाचा हं, शेतातला नाही) म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली, आणि एक अक्षर, ज्यावरून वर्ष कळतं. अक्षराचं वर्ष 1925 आणि कोरलेलं साल 1890 असेल, तर गडबड आहे. सिंह झिजलाय पण नाव मात्र काल कोरल्यासारखं धारदार आहे, तरी सावध व्हा. नाव नंतर घातलेलं असू शकतं.

विकणाऱ्याने फक्त पुढचाच फोटो टाकलाय? मग पैसे पाठवायच्या आधी एक मेसेज टाका: मागचा आणि कडेचा फोटो पाठवा, उजेडात काढलेला.