पाचवे यंत्र आणि भागाकारातील बाकी

मुंबईत बसून तुम्ही न्यूयॉर्कमधील संगणकावरचे एखादे पान मागवता, तेव्हा ते यायला किती वेळ लागावा? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सरळ अंतर धरले तरी जाऊन-येऊन २५,००० किलोमीटर होतात. म्हणजे एका खेपेला निदान १/८ सेकंद हवाच, आणि एका पानासाठी अशा कितीतरी खेपा होतात.

आता एका मोठ्या विद्यापीठाची कल्पना करा. एकच पान शेकडो जण मागतात. पहिल्याने मागवलेल्या पानाची प्रत दाराशीच ठेवून दिली, तर बाकीच्यांना ती तेथूनच देता येईल. हे काम करणाऱ्या यंत्राला ‘प्रॉक्सी कॅश’ म्हणतात. प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा. आमच्या महाविद्यालयात मित्राची हजेरी लावणाऱ्यालाही हेच नाव आहे! कॅश म्हणजे येथे रोकड नव्हे, तर हाताशी ठेवलेला साठा.

अशी योजना आखताना ‘साठा केवढा हवा?’ हा प्रश्न आधी सुचतो. पण खरी अडचण वेगाची असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी चुंबकीय तबकडी घ्या. वाचणारा हात योग्य जागी सरकायला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात आणि हवा तो भाग हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद. एकूण १२. तेव्हा एका सेकंदात जेमतेम ८० वेळा वाचन होणार, मग तबकडीत कितीही माहिती मावो. हात नसलेली आजची स्मृती पुष्कळच वेगवान आहे. तरीही मोठ्या जाळ्याला एक यंत्र पुरत नाही.

समजा, आपण ४ यंत्रे घेतली. कोणते पान कोणत्या यंत्रात आहे, हे कसे ठरवायचे? पानाच्या पत्त्यापासून ठरावीक नियमाने एक संख्या काढायची, तिला ४ ने भागायचे आणि बाकी येईल त्या क्रमांकाच्या यंत्राकडे जायचे. किती सोपे! पण गर्दी वाढली म्हणून पाचवे यंत्र आणले की घोटाळा होतो. आता ५ ने भागावे लागते. कागदावर ० ते १९ या संख्या लिहा आणि दोन्ही बाक्या काढा. फक्त ०, १, २ आणि ३ यांची बाकी तीच राहते. उरलेल्या १६ पानांसाठी आपण भलत्याच यंत्राचे दार ठोठावणार. म्हणजे मदतीला यंत्र आणले, त्याच दिवशी चार-पंचमांश साठा निरुपयोगी झाला आणि सगळी गर्दी बाहेरच्या तारेवर लोटली!

१९९७ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील डेव्हिड कार्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक सुंदर तोड मांडली. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. ३, ६, ९ आणि १२ या अंकांवर एकेक यंत्र ठेवा. पत्त्याच्या संख्येवरून पानालाही या वर्तुळावर एक जागा मिळते. तेथून काटे फिरतात त्या दिशेने जाताना पहिले भेटेल ते यंत्र त्या पानाचे. आता पाचवे यंत्र ५ वर ठेवा. फक्त ३ ते ५ यांमधली पाने ६ वरच्या यंत्राकडून त्याच्याकडे येतील. बाकी साठ्याला धक्काही लागणार नाही. यात एकट्या सहाच्याच यंत्राचा भार हलका होतो खरा. म्हणून प्रत्येक यंत्राला वर्तुळावर एक नव्हे, पुष्कळ जागा देतात. मग नवे यंत्र प्रत्येकाकडून थोडाथोडा वाटा घेते.

या गटातील टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी काढली. आता बहुतेक पाने सांकेतिक कुलूप लावूनच येतात, त्यामुळे वाटेतल्या परक्या यंत्राला ती वाचता येत नाहीत. म्हणून पानांचे मालकच अशा कंपन्यांमार्फत वाचकांच्या जवळपास प्रती ठेवतात.

आता तुमच्यासाठी एक गणित. ४ पैकी १ यंत्र बंद पडले. ० ते ११ या संख्या घेऊन भागाकाराच्या रीतीने किती पाने हरवतात आणि घड्याळाच्या रीतीने किती, ते काढून पाहा.