पिकअपच्या ब्रेकची गळती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिकअपच्या ब्रेक पेडलपासून चाकापर्यंत पायाचा जोर पोचवण्याचे काम ब्रेक ऑइल करते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ऑइलला पुढे ढकलतो. चासीच्या कडेने नेलेल्या बारीक पोलादी पाइपांतून तो दाब चाकांकडे जातो. चाक आणि ॲक्सल वर-खाली होतात त्या जागी पोलादी पाइपाऐवजी रबरी होज असतो. पुढे बहुतेक पिकअपना डिस्क आणि मागे ड्रम असतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम या रचनेचा पाया आहे. जोरात ब्रेक मारला तर पाइपमधला दाब १०० बारच्या आसपास जाऊ शकतो. टायरमधली हवा साधारण ३ ते ४ बारची असते. एवढा दाब टिकतो तो केवळ रचना बंदिस्त असल्यामुळे. गळतीविषयीचे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीचा विसर पडल्याने तयार झाले आहेत.

गैरसमज १: ब्रेक अचानक फेल होतो.

वस्तुस्थिती: पाइप फुटतो एका क्षणात, पण तो गंजत आलेला असतो कित्येक महिने किंवा वर्षे. त्या काळात पुष्कळदा खुणा दिसतात. पेडल पूर्वीपेक्षा खाली जाते, दाबून धरले तर हळूहळू बसत जाते, किंवा एकदा दाबून ब्रेक लागत नाही आणि दुसऱ्यांदा लागतो. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, डॅशबोर्डवरचा लाल दिवा वळणावर किंवा चढावर लुकलुकतो. दिवा लुकलुकतो याचे कारण मास्टर सिलिंडरवरच्या बाटलीतले ऑइल खालच्या खुणेजवळ आलेले असते आणि गाडी कलली की ते एका बाजूला सरते.

पिकअपमध्ये या खुणा लपून राहायला आणखी एक कारण आहे. रिकामी गाडी हलक्या ब्रेकने थांबते, त्यामुळे पाइपावर पूर्ण दाब क्वचितच येतो. हौदा भरून गाडी घाटात उतरू लागली की सर्वांत मोठा दाब द्यावा लागतो आणि पाइप जिथे सर्वांत कमजोर असेल तिथे तो फुटतो. म्हणजे जिथे ब्रेकची सर्वाधिक गरज असते, नेमकी तीच पाइप फुटण्याची जागा ठरते.

गैरसमज २: ऑइल कमी झाले की वरून भरायचे, काम झाले.

वस्तुस्थिती: ब्रेक ऑइल जळत नाही आणि खर्चही होत नाही. पातळी खाली जाण्याची कारणे मोजकी आहेत. डिस्कचे पॅड झिजत जातात तसे ते दाबणारे कॅलिपरचे दट्टे बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागे थोडे जास्त ऑइल मावते. त्यामुळे पातळी महिनोन्‌महिने अगदी सावकाश उतरते. हे स्वाभाविक आहे, पण ती पॅड तपासण्याची सूचनाही आहे. अशा वेळी बाटली काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना ऑइल परत येऊन बाहेर सांडते आणि गाडीचा रंग खाते.

काही दिवसांत किंवा आठवड्यांत पातळी उतरत असेल, तर गळती आहेच. अनेक गाड्यांत क्लचचे ऑइलही याच बाटलीतून जाते, म्हणून क्लचच्या सिलिंडरकडेही पाहावे लागते. भरलेले ऑइल गळती थांबवत नाही, फक्त दिवा विझवते.

गैरसमज ३: जमिनीवर डाग नाही, म्हणजे गळती नाही.

वस्तुस्थिती: मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर गळू लागला, तर ऑइल आधी ड्रमच्या आत साचते आणि ड्रमला घासणारे लायनर भिजवते. बाहेर दिसायला लागते ते उशिरा, टायरच्या आतल्या बाजूला ओलसर पट्ट्याच्या रूपात. ऑइलने भिजलेले लायनर पुसून चालत नाहीत, बदलावेच लागतात. मास्टर सिलिंडरचे मागचे रबर गेले, तर ऑइल पायाचा जोर वाढवणाऱ्या व्हॅक्यूम बूस्टरमध्ये उतरते आणि खाली एक थेंबही पडत नाही. पाइपातून पाझरणारे ऑइल चासीवरच्या चिखलात मुरते. मास्टर सिलिंडरच्या आतले रबर झिजले, तर ऑइल दट्ट्याच्या बाजूने मागे येते. पातळी तेवढीच राहते आणि पेडल मात्र बसत जाते.

डाग दिसलाच, तर तो कशाचा हे ओळखणे अवघड नाही. ताजे ब्रेक ऑइल फिकट पिवळसर, पातळ आणि बुळबुळीत असते व पाण्यात मिसळते. इंजिन ऑइल पाण्यावर तरंगते.

गैरसमज ४: बर्फाच्या देशांतच पाइप गंजतात.

वस्तुस्थिती: पाइप गंजवतात ते मीठ आणि ओलावा. अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. तिथल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जुन्या पिकअपच्या गंजलेल्या ब्रेक पाइपांची काही वर्षे चौकशी केली आणि २०१५ मध्ये ती संपवताना वाहनमालकांसाठी सूचना काढली: मिठाच्या रस्त्यांवर सात-आठ वर्षे चाललेल्या गाडीचे पाइप धोक्याच्या पातळीपर्यंत गंजू शकतात, म्हणून खालची बाजू धुवावी आणि नियमित तपासून घ्यावी.

कोकणच्या किनाऱ्यावर बर्फ पडत नाही, पण खारा वारा वर्षभर असतो. मासळी वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यातून वितळलेल्या बर्फाचे खारट पाणी थेट चासीवर गळते. खताच्या पोत्यांतून सांडलेली भुकटीही बहुतेकदा क्षारच असते आणि पावसात ती पाइपांपर्यंत पोचते. गंज आधी धरतो तो क्लिपांखाली, चासीच्या वळणावर आणि मागच्या ॲक्सलवर चिखल साचतो त्या जागी. अशा गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुणे आणि क्लिपा सैल करून पाइप पाहणे, हा स्वस्तातला उपाय आहे. वरवरचा तांबूस थर पुसून जात असेल तर लक्ष ठेवावे. पापुद्रे निघत असतील किंवा खड्डे पडले असतील तर पाइप बदलावा.

गैरसमज ५: कोणतेही ऑइल चालते, आणि आकडा मोठा तर ऑइल भारी.

वस्तुस्थिती: इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा डिझेल यांचा थोडासा अंशही ब्रेकमधल्या रबराला फुगवतो. फुगलेले रबर आधी अडकते आणि मग गळते; बहुतेक वेळा सगळी रबरे आणि होज बदलावे लागतात. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ऑइल ग्लायकॉल प्रकारातली आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते आणि ते ग्लायकॉल ऑइलमध्ये मिसळायचे नसते. बाटलीच्या झाकणावर जो प्रकार छापलेला असतो, तोच वापरावा.

गैरसमज ६: पातळी बरोबर असेल तर ऑइल बदलायची गरज नाही.

वस्तुस्थिती: ग्लायकॉल ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर चाकाजवळचे ऑइल एवढे तापू शकते. ते उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. गाडी निवल्यावर ब्रेक पुन्हा लागतो, म्हणून अशा बिघाडाचे कारण पुष्कळदा सापडतच नाही. तेच पाणी पाइप आणि सिलिंडर आतून गंजवते. अनेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात.

गैरसमज ७: फुटलेला तुकडा जोडला किंवा एक चाक बंद केले तरी गाडी चालते.

वस्तुस्थिती: रबरी नळी आणि पट्टी, एम-सील किंवा साधा जोड १०० बारचा दाब पेलू शकत नाही. तांब्याची साधी नळी कंपनांनी कडक होऊन तडकते. पाइप बदलताना ब्रेकसाठीच बनवलेला पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप घ्यावा आणि त्याची टोके दुहेरी दुमडून बसवावीत. एका चाकाचा पाइप चेपून बंद केला, तर उरलेल्या चाकांवरचा ब्रेक असमान होतो. ओल्या रस्त्यावर अशी गाडी ब्रेक मारताच फिरू शकते.

अनेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ भारानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. तो काढून पाइप सरळ जोडला, तर रिकाम्या गाडीची मागची चाके आधी जखडतात आणि गाडी घसरते.

गैरसमज ८: पाइप फुटला तरी दुसरे सर्किट आणि हँडब्रेक आहेतच.

वस्तुस्थिती: मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र भाग (सर्किट) असतात आणि पिकअपमध्ये ते सहसा पुढच्या व मागच्या चाकांत वाटलेले असतात. एक भाग गेला तरी दुसरा राहतो, पण पेडल खूप खाली जाते आणि थांबण्याचे अंतर बरेच वाढते. पुढचे सर्किट गेले तर नुकसान जास्त, कारण ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो. चाके जखडू न देणारी एबीएस यंत्रणा असली तरी गळून गेलेल्या ऑइलची भरपाई ती करू शकत नाही. हँडब्रेक बहुतेक पिकअपमध्ये तारेवर चालतो, म्हणून ऑइल संपले तरी तो लागतो; मागचे लायनर ऑइलने भिजलेले असतील तर तोही कमजोर पडतो.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय इथे सर्वांत महाग पडते. गिअर काढला की इंजिनचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केले तर दोन-तीनदा पेडल दाबल्यावर बूस्टरची मदतही संपते. ब्रेक गेल्यास पेडल भराभर पंप करावे, एकेक खालचा गिअर टाकावा, बटण किंवा कळ दाबून धरून हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि चढाची किंवा मोकळी बाजू धरावी. पंप केल्याने थोडा दाब परत आला तरी त्या भरवशावर पुढचा प्रवास करू नये. गाडी ओढून न्यावी.

दुरुस्तीनंतर सगळ्या चाकांतून हवा काढावी लागते. त्यानंतरची चाचणी सोपी आहे. इंजिन सुरू करताना पेडलवर पाय असेल तर ते किंचित खाली जाते. ती बूस्टरची मदत असते, गळती नव्हे. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावे. ते जागेवर राहिले आणि जोड कोरडे राहिले, तर रचना बंदिस्त आहे. ते बसत गेले, तर गळती अजून शोधायची राहिली आहे.